‘नाही’ला चूक समजणारी स्क्रिप्ट

पहिल्या तक्रारीत चूक सांगणारा संदेश अगदी स्वच्छ छापलेला होता, आणि त्यानेच आम्हाला भलतीकडे नेलं.

आमचं पॅकेज म्हणजे मशीनवरचे लॉग गोळा करून पुढे पाठवणारी एक छोटी सेवा. डेबियन आणि त्याच्या कुळातल्या वितरणांसाठी तिची डेब फाइल (बसवायला तयार गठ्ठा) बांधायचं काम माझ्याकडे आहे. 2.3 वरून 2.4 वर जाताना वापरकर्त्याला जाणवेल असा बदल एकच होता. सेटिंगची फाइल आधी थेट /ईटीसी मध्ये असायची, ती आता /ईटीसी खालच्या आमच्या स्वतःच्या डिरेक्टरीत जाणार होती, आणि जाता जाता तिच्यातल्या दोन सेटिंगांची नावं बदलणार होती. हे स्थलांतर पोस्टइन्स्ट, म्हणजे पॅकेज बसवताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट, करणार होती. तक्रारदाराने पाठवलेल्या टर्मिनलच्या ओळींत ‘सीपी’ (फाइल कॉपी करणारी कमांड) म्हणत होता की जुनी सेटिंगची फाइल सापडत नाही, आणि त्याखाली डीपीकेजीचं, म्हणजे डेबियनवर पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचं, ते ओळखीचं वाक्य होतं: पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट 1 हा एक्झिट कोड देऊन संपली.

ज्यांचा या यंत्रणेशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीपीकेजी पॅकेज बसवतो ते दोन टप्प्यांत. आधी फाइली उलगडून जागच्या जागी ठेवतो, मग पॅकेजने सोबत आणलेली पोस्टइन्स्ट चालवतो. ती शून्य परत करून संपली तर पॅकेज बसलं. दुसरं काहीही परत आलं तर ते ‘अर्धं कॉन्फिगर झालेलं’ म्हणून नोंदलं जातं, आणि डीपीकेजी -एल च्या यादीत नावाच्या आधी ‘आयआय’ऐवजी ‘आयएफ’ दिसतं. त्यावर विसंबून असलेली पॅकेजंही मग लटकतात. पुढे कधीही ॲप्टने, म्हणजे डीपीकेजीला वरून चालवणाऱ्या साधनाने, काही बसवायला घेतलं की हे अडकलेलं काम आधी समोर येतं, स्क्रिप्ट पुन्हा आपटते आणि ॲप्ट चूक दाखवून बाहेर पडतो. ज्यांनी अपडेट स्वयंचलित लावलेले असतात त्यांच्याकडे रोज लाल दिवा.

आरपीएमच्या, म्हणजे रेड हॅट कुळातल्या पॅकेजांच्या, जगात हे इतकं कडक नाही. तिथे बसवण्यानंतरची स्क्रिप्टलेट फसली तर एक इशारा छापला जातो आणि पॅकेज बसलेलंच राहतं. मला स्वतःला डीपीकेजीचा हट्ट बरा वाटतो. अर्धवट झालेलं काम झालं म्हणून खपवलं जात नाही. पण या हट्टाची किंमत स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने मोजायची असते, आणि ती मी पुरेशी मोजली नव्हती.

पहिला संशय कुणावर गेला असेल ते या क्षेत्रातला माणूस न सांगता ओळखेल: बॅश आणि डॅश या दोन शेलांचा, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामांचा, घोळ. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत /बिन/एसएच लिहिलेलं, लिहिणाऱ्याच्या मनात बॅश, आणि प्रत्यक्षात चालतो डॅश. उबुंटूने 2006 साली 6.10 या आवृत्तीत /बिन/एसएच डॅशकडे वळवला, डेबियनने 2011 च्या स्क्वीझमध्ये, आणि तेव्हापासून ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यामागे निम्म्या वेळा हेच कारण निघतं. पण फक्त बॅशला कळणाऱ्या रचना शोधणारं चेकबॅशिझम्स चालवून पाहिलं तर स्क्रिप्ट स्वच्छ होती. डॅशला नुसती व्याकरणासाठी वाचायला दिली, तरी काही तक्रार नाही. अर्ध्या तासात हा संशय मिटला.

मग ‘सीपी’च्या संदेशाकडे वळलो. जुनी फाइल सापडत नाही म्हणजे या माणसाने ती आधीच हलवली असेल, किंवा कधी बनलीच नसेल. त्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं की फाइल तर होती, अपग्रेडच्या आधी त्याने स्वतः ती उघडून पाहिली होती. नवीन डिरेक्टरीत पाहायला सांगितलं. तिथे नवी फाइल नीट होती, नावं बदललेली, परवानग्या बरोबर. म्हणजे स्थलांतर पूर्ण झालेलं होतं, आणि तरी स्क्रिप्ट ते पुन्हा करू पाहत होती.

पुन्हा! हा शब्द डोक्यात आला तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे आलेल्या दहा ओळी पहिल्या प्रयत्नाच्या नाहीतच. अपग्रेड एकदा फसलं, माणसाने सहजपणे डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवलं, आणि त्या दुसऱ्या फेरीत जे छापलं गेलं ते त्याने आम्हाला पाठवलं. साहजिकच आहे, शेवटचं जे दिसतं ते माणूस पाठवतो. ॲप्ट आपल्या प्रत्येक फेरीचं टर्मिनलवरचं सगळं बोलणं /व्हार/लॉग/ॲप्ट खालच्या टर्म.लॉग मध्ये टिपून ठेवतो. तो मागवला. पहिल्या फेरीची नोंद अशी होती: पॅकेज सेट अप करतोय, आणि लगेच पुढची ओळ, स्क्रिप्ट 1 देऊन संपली. मध्ये काही म्हणजे काही नाही. ना ‘सीपी’, ना दुसऱ्या कुठल्या कमांडची कुरकुर. खरी चूक मुकी होती, आणि बोलत होती ती तिची सावली.

दरम्यान आणखी दोन तक्रारी आल्या होत्या, कंटेनरच्या इमेज बांधणाऱ्यांच्या. त्यांच्याकडे पॅकेज नव्याने बसत होतं, जुनी फाइल असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिथेही तोच मुका 1. या तक्रारी आधी मी वेगळ्या ढिगात टाकल्या होत्या. आता त्या एकाच ढिगात आल्या.

मुक्या चुकीला बोलतं करायची रीत जुनीच आहे. बसलेल्या प्रत्येक पॅकेजच्या स्क्रिप्टा /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये साध्या मजकुराच्या रूपात पडलेल्या असतात. एका रिकाम्या कंटेनरमध्ये 2.3 बसवलं, 2.4 वर अपग्रेड करून ते फसू दिलं, मग तिथली पोस्टइन्स्ट उघडून ‘सेट -ई’च्या (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी ओळ) खाली ‘सेट -एक्स’ (चालणारी प्रत्येक कमांड छापणारी ओळ) घातलं आणि हातानेच चालवली, तेही डीपीकेजी देतो ते दोन शब्द देऊन: ‘कॉन्फिगर’ आणि मागची आवृत्ती ‘2.3-5’. त्याआधी सेटिंगची फाइल जुन्या जागी परत ठेवली, कारण मला पहिली फेरी पाहायची होती. (सेट -एक्सचा माग स्टँडर्ड एररवर जातो हे बरं. जिथे स्टँडर्ड आउटपुट डेबकॉन्फला, म्हणजे बसवताना प्रश्न विचारणाऱ्या यंत्रणेला, जोडलेलं असतं तिथे त्यावर काही छापलं तर डेबकॉन्फ ते स्वतःसाठीचा हुकूम समजतो, आणि मग शोधायला दोन बग होतात.)

माग सरळ होता. फाइल कॉपी झाली, नावं बदलली, जुनी काढली. मग या दोन ओळी, इथे देवनागरीत उतरवतोय:

+ युनिट_ताजी_कर
+ [ -डी /रन/सिस्टमडी/सिस्टम ]

आणि संपलं. त्यानंतर काही नाही.

चौकटी कंसातली ती चाचणी म्हणजे एक प्रश्न आहे: या मशीनवर सिस्टमडी, म्हणजे सेवा चालू-बंद करणारी यंत्रणा, चालू आहे का? ती डिरेक्टरी असली तर आहे, नसली तर नाही. विचारायची ही रीत सिस्टमडीच्याच कागदपत्रांत दिलेली आहे. कंटेनरमध्ये सिस्टमडी नव्हता. उत्तर ‘नाही’ आलं. उत्तर बरोबर होतं. आणि त्या बरोबर उत्तरावर स्क्रिप्टने जीव सोडला.

शेलमध्ये खऱ्या-खोट्यासाठी वेगळा प्रकार नाही. जे आहे ते एक्झिट कोड. शून्य म्हणजे ठीक, बाकी सगळं ठीक नाही. ग्रेपला शब्द सापडला तर 0, सापडला नाही तर 1, आणि फाइलच वाचता आली नाही तर 2. डिफचंही तसंच: सारखं असेल तर 0, फरक असेल तर 1, गडबड असेल तर 2. चाचणीची कमांडही खोट्याला 1 देते आणि स्वतः अडखळली तर त्याहून मोठा आकडा. म्हणजे या जुन्या कमांडी लिहिणाऱ्यांना ‘नाही’ आणि ‘चुकलं’ यांतला फरक चांगला ठाऊक होता, त्यांनी आकडेही वेगळे ठेवले. पण ‘सेट -ई’ला हा फरक दिसत नाही. त्याच्या लेखी शून्य नाही म्हणजे फसलं, आणि फसलं की तिथल्या तिथे बाहेर.

मग प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ आल्यावर स्क्रिप्ट मरत का नाही? कारण पॉझिक्सने, म्हणजे शेलने कसं वागावं हे ठरवणाऱ्या मानकाने, काही जागा सोडून दिल्या आहेत. इफ, व्हाइल, अंटिल यांच्या अटीत जे चालतं त्याला सेट -ई लागू नाही. उद्गारचिन्हाने उलटवलेल्या पाइपलाइनला लागू नाही. आणि && किंवा || ने जोडलेल्या साखळीत शेवटची सोडून इतर कुठलीही कमांड फसली तर तिलाही लागू नाही. आमची ओळ अशी होती:

[ -डी /रन/सिस्टमडी/सिस्टम ] && सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड

म्हणजे पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरच दुसरं, सिस्टमडीला त्याच्या सेटिंग पुन्हा वाचायला सांगणं. फसली ती साखळीतली पहिली. नियमानुसार सेट -ईने गप्प बसायला हवं होतं. आणि गंमत म्हणजे ते गप्प बसलंच.

ही ओळ काही नवी नव्हती. 2.3 मध्येही होती, त्याच्या आधीही होती, आणि कंटेनरांत विनातक्रार चालत होती. म्हणून तिच्यावर माझा संशयही नव्हता. 2.4 साठी मी पोस्टइन्स्ट आवरायला घेतली होती. सलग साठेक ओळींचा तो गुंता वाचवेना, म्हणून कामांची छोटी फंक्शनं केली. ही ओळ उचलून ‘युनिट_ताजी_कर’ नावाच्या फंक्शनमध्ये टाकली आणि जुन्या जागी त्या फंक्शनचं नाव लिहिलं. डिफमध्ये ओळ जशीच्या तशी दिसते, फक्त चार जागा आत सरकलेली. ज्याने तपासलं त्यानेही होकार दिला; मी त्याच्या जागी असतो तर मीही दिला असता.

पण ओळ फंक्शनची शेवटची झाली की सगळं बदलतं. साखळी 1 देऊन संपते, आत सेट -ई गप्प. फंक्शन आपल्या शेवटच्या कमांडचा कोड परत करतं, म्हणजे 1. आणि बाहेर, जिथे फंक्शनचं नाव लिहिलंय, तिथे शेलला दिसते एक साधी कमांड, कुठल्याही साखळीत नसलेली, कुठल्याही अटीत नसलेली, जिने 1 परत केला. तिथे सेट -ईला कुठलीच सूट नाही. आतल्या ‘नाही’ला मिळालेली माफी फंक्शनच्या उंबरठ्याबाहेर चालत नाही. यात डॅश आणि बॅश दोघं एकमताने वागतात, म्हणून पहिल्या संशयातून काही निघणं शक्यच नव्हतं.

हीच ओळ स्क्रिप्टची अगदी शेवटची असती तरी हेच झालं असतं, कारण स्क्रिप्टही शेवटच्या कमांडचा कोड घेऊनच बाहेर पडते. शेल स्क्रिप्टांतल्या चुका शोधणारं शेलचेकसारखं साधन यावर ओरडेल असं वाटेल. आमच्याकडच्या शेलचेकने चकार शब्द काढला नाही. त्याच्या बाजूने बोलायचं तर ओळ चुकीची नाहीच. फंक्शनने ‘नाही’ परत करावं असंच एखाद्याच्या मनात असू शकतं.

कारण कळल्यावर दुरुस्ती पाच मिनिटांची वाटली. प्रत्यक्षात दोन दिवस गेले, आणि त्यातला बराचसा वेळ चुकीच्या दुरुस्त्या बाजूला सारण्यात.

सर्वांत आधी सुचतं ते || ट्रू, म्हणजे ‘फसलं तरी ठीक समज’. फंक्शनच्या नावापुढे ते लावलं की स्क्रिप्ट मरत नाही. पण मग सिस्टमडी असलेल्या मशीनवर डीमन-रीलोड खरोखर फसलं तरी कुणाला कळणार नाही. || ट्रू ओळीच्याच शेवटी लावलं तर तेच. दुसरी सूचना आली, स्क्रिप्टच्या शेवटी ‘एक्झिट 0’ लिहा. ती ओळ येण्याआधीच स्क्रिप्ट मेलेली असते, त्यामुळे उपयोग शून्य. उलट तोटा होऊ शकतो. पोस्टइन्स्टच्या स्रोतात डेबहेल्पर या पॅकेज बांधायच्या साधनासाठी एक खूण ठेवलेली असते, दोन्ही बाजूंना हॅश असलेला त्याच्याच नावाचा शब्द. पॅकेज बांधताना डेबहेल्पर तिथे आपले तुकडे भरतो: सेवा चालू करणं, पुन्हा सुरू करणं वगैरे. त्या खुणेच्या वर ‘एक्झिट 0’ पडलं की ते सगळे तुकडे कधी चालतच नाहीत. पॅकेज हसतमुखाने बसतं आणि सेवा बंदच राहते.

तिसरी सूचना सगळ्यांत धोक्याची होती आणि दिसायला सगळ्यांत समंजस. एका सहकाऱ्याचं म्हणणं, अपग्रेड अडकणं हाच खरा त्रास आहे, तर स्थलांतराचं फंक्शनही सौम्य करू: ते फसलं तर फक्त इशारा छापायचा. म्हणजे असं:

सेटिंग_हलव || एको "सेटिंग हलवता आली नाही" >&2

फंक्शनच्या आत तीन पायऱ्या: जुनी फाइल नव्या जागी कॉपी करणं, सेडने दोन नावं बदलणं, जुनी काढून टाकणं. आता वरचा नियम पुन्हा वाचा. साखळीत शेवटची नसलेल्या कमांडीला सेट -ई लागू नाही. इथे ती कमांड म्हणजे अख्खं फंक्शन. ही सूट फक्त फंक्शनच्या अंतिम कोडापुरती नसते, त्याच्या पोटातल्या प्रत्येक ओळीला लागू होते. डिस्क भरलेली असेल आणि कॉपी अर्ध्यावर फसली, तरी शेल पुढच्या ओळीवर जाणार. सेड त्या तुटक्या फाइलवर चालणार. आणि मग तिसरी ओळ जुनी, धडधाकट फाइल पुसून टाकणार. ती ओळ यशस्वी झाल्यामुळे फंक्शन शून्य परत करणार आणि इशारासुद्धा छापला जाणार नाही.

मी हे नुसतं सांगून भागलं नाही. कंटेनरमध्ये अगदी लहान टीएमपीएफएस (मेमरीतली डिस्क) माउंट करून ती भरली आणि चालवून दाखवलं. तीन सेकंदांत सेटिंगची फाइल गायब, एक्झिट कोड 0. त्यानंतर वाद संपला. या एका गोष्टीसाठी शेलचेकमध्ये ऐच्छिक तपासणी आहे, सेट -ई दबलं जातंय का ते पाहणारी. ती मुद्दाम चालू करावी लागते. आता आमच्याकडे ती चालू आहे.

बरोबर दुरुस्ती कंटाळवाणी आहे: && काढून सरळ इफ लिहायचा. अट खोटी निघाली आणि एल्स नसला तर इफचा स्वतःचा कोड शून्य असतो, हे पॉझिक्समध्ये स्पष्ट लिहिलंय. प्रश्न प्रश्नाच्या जागी राहतो, त्याचं ‘नाही’ बाहेर सांडत नाही, आणि आतलं डीमन-रीलोड फसलं तर ते मात्र खऱ्या चुकीसारखं वर येतं.

तसा बदल करून पॅकेज बांधलं, आणि सवयीने बांधून झालेली पोस्टइन्स्ट उघडून पाहिली, स्रोतातली नव्हे, डेबमधली. खाली डेबहेल्परने भरलेल्या तुकड्यात तोच प्रश्न होता, इफमध्ये नीट गुंडाळलेला, आणि आत तेच डीमन-रीलोड. म्हणजे आमचं फंक्शन मुळात लागतच नव्हतं! सिस्टमडीच्या सेवांची कामं आम्ही हाताने करायचो त्या काळातलं ते उरलेलं होतं. नंतर डेबहेल्परने ते काम घेतलं आणि कुणी जुनी ओळ काढली नाही. डेबहेल्परच्या तुकड्यात डीमन-रीलोडपुढे || ट्रू लावलेलं आहे, म्हणजे मी ज्यावर नाक मुरडत होतो तेच. त्यावर माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण जो तुकडा असंख्य पॅकेजांत चालतोय त्याच्याशी स्वतःची वेगळी चूल मांडण्यात अर्थ नव्हता. फंक्शन काढलं, त्याला हाक मारणारी ओळ काढली. मूळ बगाची दुरुस्ती म्हणजे उणे चार ओळी.

पण इथे थांबता येत नव्हतं. 2.4-1 बाहेर पडलेलं होतं, आणि बाहेर तीन प्रकारची मशीनं तयार झाली होती. जिथे सिस्टमडी होता तिथे सगळं सुरळीत. जिथे नव्हता आणि पॅकेज नव्याने बसत होतं तिथे इमेजच बांधली गेली नाही, म्हणजे मागे काही उरलं नाही. तिसरा प्रकार त्रासाचा: 2.3 वरून अपग्रेड, स्थलांतर झालेलं, आणि त्यानंतर स्क्रिप्ट मेलेली.

या तिसऱ्या प्रकारात दुरुस्त 2.4-2 गेलं की काय होईल? डीपीकेजी पोस्टइन्स्टला ‘कॉन्फिगर’ या शब्दासोबत दुसरा शब्द देतो तो मागे बसलेल्या आवृत्तीचा नव्हे, मागे यशस्वीपणे कॉन्फिगर झालेल्या आवृत्तीचा. 2.4-1 कधी यशस्वी झालंच नाही. त्यामुळे 2.4-2 च्या स्क्रिप्टला सांगितलं जाणार ‘2.3-5’, आणि ती पुन्हा म्हणणार, चला, सेटिंग हलवायचीय. आणि पुन्हा ‘सीपी’ म्हणणार, फाइल सापडत नाही. मूळ बग दुरुस्त होऊनही अडकलेली मशीनं अडकलेलीच.

डेबियनच्या धोरणात मेंटेनर स्क्रिप्टांबद्दल जी अट आहे तिचं मोल इथे कळतं: स्क्रिप्ट कुठेही तुटून पुन्हा चालवली तरी काम नीट पुरं व्हायला हवं. मी ती अट वाचली होती, आणि ‘माझी स्क्रिप्ट कशाला तुटेल’ अशा भरवशावर सोडूनही दिली होती.

याच फटीत एकाचं खरं नुकसान झालं. त्याने ‘सीपी’चा संदेश वाचला, फाइल नाही म्हणतोय तर देऊ, असा विचार करून जुन्या जागी टचने रिकामी फाइल बनवली आणि कॉन्फिगर पुन्हा चालवलं. कॉपी झाली. रिकामी फाइल त्याच्या भरलेल्या, स्थलांतरित फाइलवर गेली. सेडने रिकाम्या फाइलवर इमानेइतबारे काम केलं, जुनी पुसली गेली, आणि मग स्क्रिप्ट त्याच जुन्या जागी पुन्हा मेली. त्याला दोष देता येत नाही. आमच्या स्क्रिप्टने जे मागितलं तेच त्याने दिलं.

स्थलांतर मग मुळापासून लिहिलं. नवी फाइल आधीच असेल तर तिला हात लावायचा नाही. जुनीही दिसली तर नाव बदलून बाजूला ठेवायची. फक्त जुनी असेल तर ती नव्या डिरेक्टरीतच तात्पुरत्या नावाने कॉपी करायची, त्या तात्पुरत्या फाइलवर सेड चालवायचं, परवानग्या लावायच्या, आणि सगळं झाल्यावर एमव्हीने खरं नाव द्यायचं. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं. अर्धी फाइल खऱ्या नावाखाली कधीच दिसत नाही. जुनी पुसणं सर्वांत शेवटी. दोन्ही नसतील तर गप्प पुढे जायचं.

आवृत्तीच्या तुलनेलाही हात लावला, कारण तिथे एक वेगळा सापळा आहे. डीपीकेजीच्या --कम्पेअर-व्हर्जन्सला ‘एलटी’ (‘पेक्षा जुनी’) दिलं आणि मागची आवृत्ती रिकामी असली, म्हणजे पॅकेज पहिल्यांदाच बसत असलं, तर रिकामी ही सर्वांत जुनी धरली जाते आणि नव्या मशीनवरही स्थलांतर सुरू होतं. ‘एलटी-एनएल’ रिकामीला सर्वांत नवी धरतो. हे मी आधीच बरोबर लिहिलं होतं, निदान तेवढं. फक्त तुलनेतला आकडा ‘2.4’चा ‘2.4-1~’ केला. डीपीकेजीच्या क्रमात टिल्ड काहीच नसण्याच्याही आधी लागतो, त्यामुळे 2.4-1 चे बॅकपोर्टही (जुन्या वितरणांसाठी बांधलेल्या प्रती) योग्य बाजूला पडतात.

एक खुलासा करायला हवा. आमची सेटिंगची फाइल पॅकेजमधून येत नाही, पोस्टइन्स्टच ती बनवते. म्हणून हे सगळं हाताने. डीपीकेजीने स्वतः कॉन्फफाइल म्हणून नोंदलेली फाइल हलवायची असेल तर डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर आहे, आणि ते सोडून हाताने हलवणं म्हणजे पायावर धोंडा.

चाचणीत काय कमी होतं ते आता उघड होतं: आमची सगळी तपासणी पूर्ण आभासी मशीनवर चालायची, जिथे सिस्टमडी असतोच. ‘नाही’ हे उत्तर आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. पिउपार्ट्स हे साधन नेमकं याच कामाचं आहे, स्वच्छ क्रूटमध्ये (वेगळ्या काढलेल्या फाइलींच्या झाडात) पॅकेज बसवणं, अपग्रेड करणं, काढणं, ते जोडलं. त्याशिवाय एक गावठी तपासणी लिहिली, आणि खरं सांगायचं तर तीच मला जास्त आवडते. एक लहान स्क्रिप्ट पोस्टइन्स्टची प्रत घेते, सेटिंग_हलव मधल्या एकेका ओळीखाली पाळीपाळीने ‘एक्झिट 1’ घुसडते, 2.3 असलेल्या कंटेनरमध्ये ती चालवते, मरू देते, मग मूळ स्क्रिप्ट चालवून पाहते की शेवटी नवी फाइल जशी हवी तशीच आहे का. पहिल्याच रात्री तिने एक भोक शोधलं: तात्पुरती फाइल मागच्या फेरीतून उरली असेल तर तिच्या परवानग्या जुन्याच राहत होत्या. आता ती आधी पुसली जाते.

2.4-2 येईपर्यंत अडकलेल्या लोकांना काय सांगायचं, हाही प्रश्न होता. इंटरनेटवरचा लाडका उपाय म्हणजे इन्फोमधली पोस्टइन्स्ट उघडून दुसऱ्या ओळीत ‘एक्झिट 0’ टाकणं. पॅकेज लगेच ‘आयआय’ होतं, पण सेवेचा वापरकर्ता, परवानग्या, डेबहेल्परचे तुकडे, सगळंच राहून जातं, आणि डीपीकेजीच्या दृष्टीने 2.4-1 यशस्वी झालेलं असल्याने पुढची आवृत्तीही ‘2.3’ समजून काही भरून काढत नाही. आम्ही सांगितलं ते जास्त खटाटोपाचं होतं: नवी फाइल जागेवर आहे का पाहा, असेल तर पोस्टइन्स्टमधली फक्त दोन नावं, स्थलांतराची आणि युनिटांची, हॅश लावून झाका आणि कॉन्फिगर चालवा. पुढच्या आवृत्तीसोबत ती फाइल तशीही बदलली जाणार होती.

टचवाल्या माणसासाठी स्क्रिप्टकडे उत्तर नव्हतं. जे पुसलं ते पुसलं. 2.4-2 मध्ये एवढंच घातलं की नवी फाइल रिकामी आढळली तर स्टँडर्ड एररवर त्याबद्दल एक ओळ छापायची आणि पुढे जायचं, कारण रिकाम्या फाइलसाठी अख्खं ॲप्ट अडवून धरणं पुन्हा तीच चूक ठरली असती. त्याच्याकडे कंटेनरचा आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट निघाला. त्यातली 2.3 ची फाइल त्याने जुन्या जागी ठेवली, नवी रिकामी फाइल पुसली, 2.4-2 बसवलं आणि डीपीकेजी -एल ची ती एक ओळ कॉपी करून पाठवली. सुरुवातीला ‘आयआय’ होतं.